पायांवरचं न्हाणं

मालनबाई वडके यांच्या हातून मांजराची पहिली चार पिल्लं मेली, ती अंघोळ घातल्यामुळे.

पिल्लं नुकती जन्मलेली होती. नाळेचे वाळके दोरे पोटाला तसेच होते. मालनबाईंचे यजमान रंगनाथ तेव्हा हडपसरला एका बांधकामावर रखवालदार होते. तिथे सेंट्रिंगच्या फळ्यांच्या ढिगात मांजर व्यायली होती. स्लॅबसाठी फळ्या उचलल्या, मजुरांचा गलका झाला आणि मांजर पळाली ती परत फिरकली नाही. रंगनाथांनी पिल्लं सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत घालून घरी आणली आणि बायकोपुढे ठेवली. तुझ्या धंद्यातलंच काम आहे, म्हणाले.

मालनबाईंचा धंदा बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालण्याचा. न्हाणीत पाटावर बसायचं, साडी गुडघ्यांच्या वर खोचायची, पाय लांब सोडायचे आणि बाळाला नडग्यांवर पालथं घालायचं. तेलाने अंग चोळायचं, नाक-डोकं बोटांनी दाबून आकाराला आणायचं, सोसेल तितकं कढत पाणी ओतायचं. मग कोरडं करून ओवा-बाळंतशेपाची धुरी द्यायची आणि दुपट्यात आवळून बांधायचं. अशी बांधलेली बाळं दुपारपर्यंत उठत नाहीत. पिल्लांचंही त्यांनी हेच केलं, एकेक करून. धुरीपर्यंत चारही जिवंत होती. मग फडक्यात गुंडाळलेली पिल्लं एकामागून एक गार पडत गेली. मालनबाईंना ती झोपली आहेत असं वाटत होतं. दिवेलागणीला त्यांनी फडकी सोडली. इतक्या लहान पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही, आणि अंग ओलं झालं की असलेलीही निघून जाते, हे त्यांना पुढे कळलं.

त्या प्राण्यांच्या वेड्या नव्हत्या. त्याआधी कसब्यात राहत असताना त्यांनी कुठल्या मांजरीला वाटीभर दूध घातल्याचं कुणाला आठवत नाही. पण त्यांच्या पायांवर तोवर एकही जीव दगावला नव्हता, आणि एका दिवसात चार गेले. ते त्यांना लागलं. पुढची पिल्लं त्यांनी मागून घेतली.

कसबा पेठेत तांबट आळीच्या मागच्या बोळात त्यांचं लग्नानंतरचं घर होतं, दीड खोलीचं. रंगनाथ एका कारखान्यात हंडे-घागरींवर मठारकाम करायचे. हातोडीचे ठोके देऊन भांड्याला घट्टपणा आणि चकाकी आणायचे. सासू मुक्ताई शनिवार-नारायण पेठांतल्या घरांत न्हाऊ घालायला जायची. मालनबाई आधी तिच्यामागून पाण्याच्या बादल्या उचलत, मग तेल लावायला लागल्या, आणि मुक्ताईचे गुडघे गेल्यावर तिची घरं त्यांच्याकडे आली.

मुलगा संतोष झाला तेव्हा मुक्ताईचे गुडघे शाबूत होते. बाळंतिणीने आपल्या बाळाला न्हाऊ घालायचं नसतं. तिने शेक-शेगडी घेऊन पडून राहायचं. मालनबाई आतल्या खोलीत पडून न्हाणीतल्या पाण्याचा आवाज ऐकत. मुक्ताईचा हात जड आहे असं त्यांना वाटायचं, पण बोलायची सोय नव्हती. त्यानंतर मूल झालं नाही. शेकडो बाळं त्यांच्या पायांवरून गेली, आणि त्यांत घरचं एकही नव्हतं.

नव्वद सालानंतर तांब्याची भांडी रुखवतातूनही गेली. लोक स्टील घेऊ लागले, मग प्लास्टिक, मग पाणी शुद्ध करायची यंत्रं. कारखान्याच्या मालकाने एक दिवस सहा माणसांना चहा पाजला, सगळं समजावून सांगितलं आणि जागा एसटीडी बूथला दिली. रंगनाथांना ठोके देण्यापलीकडे काही येत नव्हतं. ओळखीच्या एका मुकादमाने त्यांना हडपसरच्या बांधकामावर लावलं, आणि वडके कुटुंब तिथेच कालव्याजवळ दोन पत्र्याच्या खोल्यांत राहायला गेलं. भोवती ऊस होता. तो दरवर्षी थोडा मागे सरकत होता.

दुसरी पिल्लं दुधाने मेली. मालनबाईंनी या खेपेला पाणी लावलं नाही, पण दूध पाजलं ते बोंडल्याने. बोंडलं म्हणजे चोच असलेली वाटी, बाळाला मांडीवर उताणं घेऊन त्याने दूध घालतात. उताण्या पिल्लांच्या नाकातून दूध बाहेर आलं आणि उरलेलं छातीत गेलं. दोन दिवस ती धापा टाकत होती.

मग त्या एका व्यालेल्या मांजरीपाशी जाऊन बसल्या. बांधकामावरच्या तुटक्या पाण्याच्या टाकीत तिची पिल्लं होती. पिल्लं पालथी पडून पितात, मांजर त्यांना सारखी अंगाखाली ठेवते आणि प्रत्येक पाजण्यानंतर त्यांची शेपटीखालची जागा चाटते, तेव्हा ती मुततात. एवढं त्यांनी पाहिलं. मग शेळीचं दूध आणि डोळ्यांत औषध घालायची रिकामी बाटली आली. सलाइनच्या बाटलीत गरम पाणी भरून ती जुन्या लुगड्यात गुंडाळली जाऊ लागली, आणि चाटण्याच्या जागी ओला कापूस आला. दर दोन तासांनी हे सगळं. तिसऱ्या वेतातलं एक जगलं.

पुढे निम्मी जगत, निम्मी जात. त्या त्यांना नावं देत नसत. गेलेली पिल्लं कालव्याच्या कडेला पुरत आणि हात धुऊन कामाला जात. जगलेली पिल्लं खाऊ-पळू लागली की बसने लोणी काळभोरला पोचवत. तिथे जयसिंग नावाचा रंगनाथांच्या ओळखीचा शेतकरी कोंबड्यांच्या खाद्याचं गोदाम चालवायचा. उंदरांमुळे त्याला मांजरं कितीही चालत.

ऊस संपला तसे तिथे टॉवर उभे राहिले, काचेची ऑफिसं आली आणि त्यांत काम करणारी जोडपी आली. कोण नागपूरचं, कोण अमरावतीचं, कोण आणखी लांबचं. त्यांच्या आया गावाहून बाळंतपणाला येत, पण न्हाऊ घालायला बाई लागेच. मालनबाईंना कसब्यापेक्षा जास्त घरं मिळाली. न्हाणीच्या जागी बाथरूम, चुलीच्या जागी गिझर आणि धुरी दिली की धुराची घंटा वाजेल म्हणून खिडक्या उघडा, एवढाच फरक. मांजरीही टॉवरच्या आडोशाला व्यायच्या, मीटरच्या खोलीत, लिफ्टच्या वरच्या खोलीत, नळांच्या डक्टमध्ये. सोसायटीच्या साफसफाईच्या बायका पिल्लं खोक्यात भरून गेटबाहेर ठेवत. त्यांच्यातली शकू ती गेटबाहेर ठेवण्याऐवजी मालनबाईंकडे आणू लागली. आईने टाकलेली, असं ती दरवेळी म्हणायची. आईने टाकली की आईपासून उचलली, हे कुणी विचारत नव्हतं.

रंगनाथ गेले तेव्हा संतोष नोकरीला लागलेला होता. त्याने संगणकाचा डिप्लोमा केला होता आणि एका कंपनीत बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायचा. त्याच मजल्यावर सॉफ्टवेअर तपासणाऱ्या विभागात उत्कर्षा होती, यवतमाळची. लग्न त्यांनी आपलं आपण ठरवलं. मग कर्जाने चौथ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आणि मालनबाई पत्र्याच्या खोल्या सोडून तिथे गेल्या. पिल्लांसाठी ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनच्या मागे जागा झाली. उत्कर्षाने हरकत घेतली नाही. कपडे वाळत घालताना ती खोक्यात डोकावायची आणि आज किती आहेत ते ऑफिसमध्ये सांगायची. सासूसुनेत कुरबुरी होत्या त्या भाजीतल्या तिखटावरून. उत्कर्षाला वडक्यांचा स्वयंपाक आजाऱ्याचा वाटायचा.

उत्कर्षाला दिवस गेले, त्याच सुमारास तिच्या आईला अर्धांगवायू झाला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते पुण्यालाच करायचं ठरलं. एका रविवारी पोळ्या लाटता लाटता उत्कर्षा म्हणाली,

"आई, बाहेरची बाई नको हं मला. बाळाला तुम्हीच न्हाऊ घालायचं."

मालनबाई म्हणाल्या, बघू. मग त्यांनी तव्यावरची पोळी उलटली नाही आणि ती करपली. संतोष सांगतो की त्या आठवड्यात आईने माळ्यावरून मुक्ताईचा शिसवी पाट काढला, घासला, उन्हात ठेवला आणि बाथरूमच्या दारात बसतो का ते मोजून पाहिलं. जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवली. शेजारणींना त्या आपण होऊन काही सांगत नसत, पण हे त्यांनी लिफ्टमध्ये भेटेल तिला सांगितलं.

डॉक्टरीण बाईंनी उत्कर्षाला मांजरांपासून लांब राहायला सांगितलं होतं. बाल्कनीत तेव्हा पाच पिल्लं होती, खाऊ लागलेली. त्यांतल्या दोन पिल्लांच्या कानांमागचे केस गोल गोल गेलेले होते. उत्कर्षाने विषय काढला तेव्हा मालनबाईंनी वाद घातला नाही. पाची पिल्लं लोणीला पोचवली, बाल्कनी धुऊन काढली आणि ही शेवटची, असं सुनेला सांगितलं. शकूलाही सांगितलं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी त्यांच्या डाव्या हाताला मनगटाच्या वर एक लाल वर्तुळ उठलं. कडा खरखरीत, मधे कातडी बरी, आणि खाज. असं वर्तुळ त्यांना पूर्वी घोट्यावर आलं होतं, एका केस गेलेल्या पिल्लापासून. ते गजकर्ण असतं हे त्यांना माहीत होतं. गंधक तेलात कालवून लावलं होतं तेव्हा महिन्याभरात गेलं होतं. त्यांनी पुन्हा तेच सुरू केलं. बांगड्यांची संख्या वाढवून त्या खाली ओढल्या आणि कामावर जात राहिल्या.

त्यांचं त्या वेळचं काम दोन इमारती सोडून पूर्णिमा नावाच्या मुलीकडे होतं. पूर्णिमा उत्कर्षाच्याच ऑफिसात होती, आणि ओळखही उत्कर्षानेच करून दिली होती. घरात पूर्णिमाची सासू सुशीलाबाई. सदाशिव पेठेतून नातीसाठी मुक्कामाला आलेल्या. मालनबाईंच्या मालिशीवर त्यांचं बारीक लक्ष असायचं. नाक जरा जास्त दाबा, घराण्याचं नाक नाही हे, असं म्हणायच्या.

शकू आली ती याच काळात. लिफ्टच्या वरच्या खोलीत मशिन दुरुस्तीला माणसं आली होती. तीन पिल्लं, डोळे मिटलेले. मालनबाईंनी दार अर्धंच उघडलं. आता घेत नाही म्हणून तुला सांगितलंय, म्हणाल्या. शकू म्हणाली, मला ठाऊक आहे मावशी, पण सुपरवायझर खालीच उभा आहे, मी ही कुठे नेऊ? खोकं तिने उंबऱ्यावर ठेवलं आणि ती जिन्याने निघून गेली.

मालनबाईंनी ती घेतली. त्या म्हणतात, डोळे उघडेपर्यंतच ठेवणार होते. घरात ठेवणं शक्य नव्हतं, सातवा महिना लागल्यामुळे उत्कर्षा बरेच दिवस घरूनच काम करत होती. म्हणून पिल्लं त्यांच्या कामाच्या पिशवीत राहू लागली. खाली गरम पाण्याची बाटली, वर पिल्लं, वर पंचा, आणि बाजूच्या कप्प्यात तेल, ओवा, कापूस, दुधाची बाटली. एका घरचं न्हाणं आटोपलं की जिन्याच्या मधल्या टप्प्यावर बसून पाजायचं आणि पुढे जायचं. संध्याकाळी पिशवी त्यांच्या खोलीत पलंगाखाली.

पूर्णिमाकडे एके सकाळी बाळ तेल लावून तयार होतं आणि पाणी काढायचं होतं. पिशवी बाथरूमच्या दाराशी होती. सुशीलाबाई पिशवीकडे थोडा वेळ पाहत राहिल्या.

"मालनबाई, तुमची पिशवी रडतेय."

मालनबाईंनी पिशवीकडे मान वळवली. पायांवर बाळ होतं, उठता येईना.

"आमच्याकडे एकच बाळ आहे," सुशीलाबाई म्हणाल्या. "ही बाकीची कुणाची आणलीत न्हायला?"

त्यांनी काठीच्या टोकाने पंचा बाजूला केला. पूर्णिमाने येऊन बाळ उचललं, तेल लावलेलं तसंच. मालनबाईंना अंघोळ पुरी करू द्या एवढंच म्हणायचं होतं, तेल राहिलं की बाळाला सर्दी होते. ते म्हणताना त्यांनी हात पुढे केला आणि पूर्णिमा मागे सरली. निघताना सुशीलाबाईंनी त्यांना त्यांचा कामाचा पाट आठवणीने दिला आणि उद्यापासून तसदी घेऊ नका, असं सांगितलं.

बाळाच्या पाठीवर वर्तुळ दिसलं ते त्या आठवड्याच्या शेवटी. आधी एक, मग खांद्यावर दुसरं. बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, घरात मांजर आहे का. पूर्णिमाने तिथूनच उत्कर्षाला फोन लावला.

उत्कर्षा त्या दिवशी नेमकी ऑफिसला गेली होती. ती दुपारीच घरी आली, गळ्यात ओळखपत्र तसंच. मालनबाई आपल्या खोलीत खुर्चीत बसून दुपट्याला टीप घालत होत्या. उत्कर्षाने त्यांना हात दाखवायला सांगितला. मालनबाईंनी उजवा दाखवला. उत्कर्षाने डावा धरला आणि बांगड्या कोपराकडे सरकवल्या.

"हे काय आहे?"

"भाजलंय. हंड्याला लागलं."

"आपल्या घरात हंडा कुठं आहे, आई?"

मालनबाईंनी हात सोडवून घेतला. उत्कर्षा पलंगाच्या कडेला बसली. वाकून खाली पाहणं तिला त्या महिन्यात जमत नव्हतं, म्हणून तिने पायाने पिशवी पुढे ओढली. तिने पिल्लं पाहिली, पुन्हा पंचा टाकला. मग म्हणाली,

"मले एकदा सांगून तं पाहायचं होतं."

गावाकडची बोली तिच्या तोंडी पुण्याला आल्यापासून फारशी कुणी ऐकली नव्हती. संतोष आल्यावर बोलणं झालं. तो आईवर ओरडला, मग सोसायटीवर, मग शकूवर. उत्कर्षा ओरडली नाही. तिने डॉक्टरांकडून विचारून आणलं होतं ते सांगितलं. मलम रोज दोनदा लावायचं, गोळ्या घ्यायच्या, आणि वर्तुळ पूर्ण गेल्याशिवाय बाळाला हात नाही. पिल्लं उद्या घराबाहेर. बाळ यायला दीड-दोन महिने आहेत. आत्ता सुरुवात केली तर तोवर हात बरा होईल आणि ठरल्याप्रमाणे न्हाऊ तुम्हीच घालाल. मालनबाईंनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलम लावलं, गोळी घेतली आणि पिल्लांसाठी माणूस शोधायला निघाल्या. शकूने हात जोडले, तिची नोकरी जाता जाता राहिली होती. कालव्याजवळच्या शेळ्यांवाल्याने, तुम्हाला वेळ नाही तर मला कुठला, असं विचारलं. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका मंडळाला संतोषने फोन केला. तिथे जागा नव्हती आणि अंगावर पिणारी पिल्लं ते घेत नव्हते. पाजणाऱ्या मांजरीजवळ ठेवता आली तर पाहा, तिकडचा माणूस म्हणाला.

तशी मांजर एक होती. जयसिंगच्या गोदामातली तपकिरी मांजर मालनबाईंच्याच हाताखालून गेलेली, आणि ती नुकतीच व्यायल्याचं जयसिंगने गेल्या खेपेला सांगितलं होतं. दुसऱ्याचं पिल्लू मांजरीला खपवायची एक रीत मालनबाईंनी पूर्वी दोनदा केली होती, आणि दोन्ही वेळा ती साधली होती. मांजर उठून खायला गेली की तिच्या पिल्लांच्या अंथरुणावर नवी पिल्लं घोळवायची, तिच्याच पिल्लांच्या अंगाला घासायची आणि मधे सारून द्यायची. परत आलेली मांजर वासाने फसते. मग ती मोजत नाही.

दुपारच्या बसने त्या लोणीला गेल्या. जयसिंग पोती मोजत होता. मांजर कोपऱ्यातल्या रिकाम्या बारदानांत होती. त्याची बायको मैना हिने अंगणात भाकरी-दूध ठेवून मांजरीला बाहेर काढलं. मालनबाई बारदानांपाशी बसल्या, पिल्लं काढली, घासली, मिसळली. सात झाली. त्या बाजूला होऊन पोत्यावर बसल्या.

मांजर आली, आत उतरली आणि हुंगू लागली. आपली चार तिने चाटली. या तिघांपाशी आल्यावर थांबली, नाक मागे घेतलं, पुन्हा हुंगलं. मग आपलं एक पिल्लू मानगुटीला धरून ती पत्र्याकडच्या पोत्यांमागे गेली. परत आली, दुसरं नेलं. चारही नेऊन झाल्यावर ती आली नाही.

"मावशी, तुमच्या हाताला औषदाचा वास येतुया," जयसिंग म्हणाला. "मला हितपर्यंत येतोय."

मालनबाईंनी घरातून निघताना हात तीनदा धुतले होते. मलम त्यांच्या कातडीत मुरलेलं होतं आणि तो वास आता पिल्लांच्या अंगावर होता. त्यांनी पिल्लं ओल्या फडक्याने पुसून पाहावीत का असा विचार केला, पण पुसणारा हातही तोच होता. मैनाला पुसायला सांगितलं. तिने पुसली, पोत्यांमागे नेऊन ठेवली. मांजर फिस्कारली आणि तिथूनही उठली.

मैनाला त्यांनी दूध पाजायची रीत दाखवली. मैनाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, दर दोन तासाला आमच्याच्यानं न्हाई व्हायचं मावशी, खोटं कशाला बोला. घरात जनावरं होती, शेत होतं, सासरा अंथरुणाला होता. जयसिंग म्हणाला,

"ठिवून जावा. ऱ्हायली तर ऱ्हायली."

पिशवी रिकामी नव्हती. दुधाची बाटली होती, कापूस होता, आणि परतीची बस यायला अवकाश होता. मालनबाईंनी तिन्ही पिल्लांना पालथं धरून पाजलं, कापसाने पुसलं, बारदानाच्या खळग्यात एकमेकांना चिकटवून ठेवलं आणि वरून बारदानाची घडी टाकली. मग जयसिंगला सांगून त्या निघाल्या. पिशवी त्यांनी बस थांब्याजवळच्या कचऱ्यात टाकली. घरी उत्कर्षाने विचारलं तेव्हा जयसिंगकडे ठेवली म्हणाल्या, आणि ते खरं होतं. जयसिंग पुढे दोन-तीनदा बाजाराला आला, घरी चहा घेऊन गेला. त्याने विषय काढला नाही. मालनबाईंनीही काढला नाही.

मलम त्या नेमाने लावत. वर्तुळ मधून विझलं, पण कडेने वाढलं, आणि बाजूला दुसरं उठलं. बांगड्या काढून ठेवल्या होत्या. गंधक आणि तेल आधी लावत राहिल्यामुळे कातडी जळली आहे आणि जास्त दिवस लागतील, असं डॉक्टर म्हणाले. पूर्णिमाच्या मुलीची वर्तुळं तोवर गेली होती. पण सोसायटीत मालनबाईंना कुणी बोलावत नव्हतं. पार्किंगमधून जाताना बायका बाळाच्या गाडीचं छत खाली ओढत.

उत्कर्षाला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मालनबाईंच्या हातावर दोन वर्तुळं होती, फिकट. उत्कर्षाने हात उजेडात धरून पाहिला, मग सोडला. संतोषने आधीच एका संस्थेकडून बाई सांगून ठेवली होती. शालन तिचं नाव, विशीतली, निळा कोट घातलेली. तिने बरोबर प्लास्टिकचा टब आणला होता. टबात पाणी, पाण्यात तापमापी, हातात मोजे. बाळाला एका हातावर तोलून ती दुसऱ्याने पाणी लावायची आणि मोबाइलवर कसलंसं गाणं लावून ठेवायची. मालनबाई दाराशी उभ्या राहिल्या. पाणी गार आहे, त्या म्हणाल्या. शालनने तापमापी पाहिली. तेल जिरलं नाही अजून, म्हणाल्या. मग शालन हसून म्हणाली, "आजी, जरा बाहेर थांबता का? दाराशी उभं राहिलं की वारा लागतो तिला."

त्या आत जाऊन बसल्या. भिंतीपलीकडे पाण्याचा आवाज येत होता.

हात साफ झाला तोवर मुलगी दोन महिन्यांची होऊन गेली होती. डॉक्टरांनी पाहिलं आणि झालं म्हणाले. उत्कर्षा शब्दाची पक्की. घरी आल्यावर तिने शालनला उद्या येऊ नको म्हणून कळवलं आणि सासूला म्हणाली, "उद्या तुम्ही घाला." मालनबाईंनी संध्याकाळीच पाट बाथरूममध्ये नेऊन ठेवला.

सकाळी त्यांनी साडी खोचली, पाय सोडले, तेल कोमट केलं. उत्कर्षाने मुलीला आणून त्यांच्या नडग्यांवर पालथं ठेवलं. मुलीने मान उचलली. ती कधीच पालथी पडून न्हायली नव्हती. तिने मागे वाकून अंग ताठ केलं आणि रडायला लागली. मालनबाईंनी तेलाचा हात पाठीवरून फिरवला, हलका, जसा मुक्ताईचा हवा होता असं त्यांना वाटायचं. रडणं वाढलं. पाण्याचा पहिला तांब्या ओतल्यावर तिचा श्वास अडकला आणि ओठ निळसर झाले. उत्कर्षा दारातून एक पाऊल आत आली आणि थांबली. मालनबाईंनी पाणी गार करून घेतलं. परक्या घरी घालत तशी भराभर अंघोळ उरकली, दुपट्यात गुंडाळलं आणि मुलगी तिच्या आईकडे दिली. आईच्या खांद्यावर गेल्यावर ती हुंदके देत हळूहळू थांबली. तिचे डोळे मालनबाईंवर होते.

"होईल सवय," उत्कर्षा म्हणाली. "दोन-चार दिवस जातील."

"तिला कशाला त्रास," मालनबाई म्हणाल्या. त्या अजून पाटावरच होत्या, पाय लांब सोडलेले. "त्या पोरीला उद्यापासून बोलव. तिची अंघोळ चांगली होतेय."

उत्कर्षाने थोडी वाट पाहिली. मग तिने पलंगावर मुलीला ठेवून शालनला फोन लावला. मालनबाईंनी बादलीतलं उरलेलं पाणी तेलकट फरशीवर ओतलं आणि खराटा घेऊन फरशी घासायला लागल्या.